न्हाणीघरातील लादी आणि तिचा तळ : एक प्रतिवाद

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत, सावित्रीकाठच्या सव-दासगावपासून वरच्या अंगाच्या डोंगरवाड्यांपर्यंत, न्हाणीघरातील लाद्या सुटू लागल्या म्हणजे त्या घटनेची मीमांसा करण्याची एक ठरीव रीत पडून गेली आहे. प्रथम दोष पाण्याला द्यावयाचा. तो पुरेसा वाटला नाही तर हवेला द्यावयाचा. तेवढ्यानेही समाधान झाले नाही तर गवंड्याच्या इमानावर शंका घ्यावयाची. आणि शेवटी किलोभर पांढरे सिमेंट आणून सांधे लिंपून टाकावयाचे व प्रकरण दाखलदप्तर करावयाचे. पुढच्या पावसाळ्यात तीच लादी पुन्हा पायाखाली हलते, तिच्या उचललेल्या कडेने घरातील वृद्धांच्या पायाला ठेच लागते, ओल्या जमिनीवर पडून एखाद्याचे खुब्याचे हाड मोडते, आणि इमारत मजल्यांची असेल तर खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल धरून दोन शेजाऱ्यांमधील बोलणे बंद होते. एवढे सगळे होत असताना ज्या कारणमीमांसेवर विसंबून आपण स्वस्थ बसतो ती मुळातच चुकीची आहे, असे माझे निश्चित मत आहे. आणि ते मत येथे सविस्तर मांडणे मला अवश्य वाटते, कारण या चुकीची किंमत बहुधा ज्यांना ती परवडत नाही अशाच कुटुंबांना मोजावी लागते.

रूढ मताचे पहिले कलम असे की, कढत पाण्याने लादी सुटते. हे विधान सवच्या परिसरात ऐकावयास मिळावे याचे मला विशेष आश्चर्य वाटते. कारण तेथे सावित्रीच्या तीरावर पृथ्वीच्या पोटातून उष्णोदक अखंड वर येत असते, लोक त्यात स्नान करतात, आणि मनुष्याच्या कातडीला सोसणारी उष्णता किती थोडी असते याची प्रचीती तेथे कोणालाही घेता येते. ज्या पाण्याने आपण अंघोळ करतो ते चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या फारसे पलीकडे जात नाही. आणि ज्या लादीला या पाण्याने इजा होते असे आपण मानतो ती सुमारे 1200 अंशांच्या भट्टीतून निघालेली असते. उष्णतेने लादी प्रसरण पावते हे खरे, परंतु किती पावते याचा हिशेब कोणी करून पाहत नाही. अशा लादीची लांबी दर अंशामागे दशलक्षात सहा-सात भाग एवढीच वाढते. म्हणजे दोन मीटर लांबीची संपूर्ण जमीन पंचवीस अंशांनी तापली तरी तिची वाढ 0.35 मिलिमीटरच्या आत राहते. एक फुटी लाद्यांमध्ये दोन-दोन मिलिमीटरचे सांधे सोडले असतील आणि भिंतीच्या कडेने थोडी फट राखून ती लवचिक लांबीने भरली असेल, तर एवढीशी वाढ त्या जमिनीत कोणाच्या लक्षातही न येता सामावून जाते. जेथे सांधा दिसू नये या हौसेपायी लादीला लादी भिडवून बसवलेली असते, तेथे मात्र ही अल्पशी वाढ, आणि भाजक्या मातीची लादी वर्षानुवर्षे दमटपणा शोषून जी सावकाश फुगते ती वाढ, या दोहोंना जागाच उरत नाही, आणि मधल्या दोन लाद्या एकमेकींना रेटून वर उचलल्या जातात. त्या ठिकाणी दोष सांधा न सोडणाऱ्या हौसेचा आहे, आणि ती हौस बहुतकरून घरमालकाची असते.

दुसरे कलम हवेचे. महाड तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास वा त्याहून अधिक पर्जन्य होते, चार महिने भिंती सुकत नाहीत, तेव्हा येथे लाद्या टिकणारच नाहीत, असे म्हणणारे लोक हे विसरतात की रायगड याच तालुक्यात आहे. 1674 साली ज्या गडावर राज्याभिषेक झाला, आणि ज्याच्या बांधकामाचा कर्ता म्हणून हिरोजी इंदुलकर यांचे नाव आजही जगदीश्वराच्या मंदिरापाशी पायरीवर कोरलेले आहे, त्या गडावरील फरसबंदीने व पायऱ्यांनी साडेतीनशे पावसाळे अंगावर घेतले, आणि ते आपल्या न्हाणीघरात येतात त्याहून कितीतरी पटींनी क्रूर होते. यावर कोणी असे उत्तर देईल की, ते बांधकाम कातळावर उभे आहे आणि आपले न्हाणीघर भरावावर. दगड जाडजूड आहे आणि आपली लादी पातळ. हे उत्तर मला पूर्णपणे मान्य आहे. किंबहुना हेच मला म्हणावयाचे आहे. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो. फरक पडतो तो खाली काय आहे यामुळे, आणि पाण्याला जावयास वाट ठेवली आहे की नाही यामुळे.

जुन्या न्हाणीचा दाखलाही याच ओघात नेहमी दिला जातो. मागील दारी चार फरशा टाकलेली ती न्हाणी, तिच्याखालचा दगडगोटा, आणि केळीच्या अगर अळवाच्या वाफ्याकडे जाणारे तिचे पाणी, ज्यांच्या बालपणात होते त्यांना त्याचे अगत्य वाटणे स्वाभाविक आहे, आणि मीही त्या व्यवस्थेचा आदर करतो. परंतु तिच्या फरशा कधी हलत नसत, ही समजूत खरी नाही. त्या हलत, पावसाळा सरला की त्या उचलून, खालची माती सारखी करून पुन्हा बसवल्या जात, आणि या कामाला कोणी दुरुस्ती असे नावही देत नसे. त्या न्हाणीखाली दुसऱ्या कोणाचे स्वयंपाकघर नव्हते, स्लॅबमध्ये गंजणाऱ्या सळ्या नव्हत्या, आणि सांध्यातून गेलेले पाणी जमिनीत जिरले तर ते इष्टच होते. आपण न्हाणी घरात आणली, मजल्यावर चढवली, आणि तिच्याकडून अपेक्षा मात्र जुनीच ठेवली.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. लादी आपल्या जागी धरून राहते ती कशामुळे? मोझेकची लादी अगर शहाबादी फरशी जेव्हा सिमेंटच्या मालावर ठेवली जाई, तेव्हा तिची सच्छिद्र पाठ सिमेंटमिश्रित पाणी आपल्यात ओढून घेई, त्या छिद्रांत सिमेंटचे सूक्ष्म स्फटिक वाढत, आणि लादी व तळ एकजीव होऊन जात. ती पकड छिद्रांची होती. आजची व्हिट्रिफाइड लादी आपल्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही; भिंतीला लावावयाची साधी सिरॅमिक लादी दहा टक्क्यांहून अधिक शोषते, आणि म्हणून तिला भिजत घालण्याला अर्थ असतो, तर व्हिट्रिफाइडला रात्रभर पिंपात बुडवून ठेवणे हा निव्वळ कालापव्यय ठरतो. अशा अपारगम्य पाठीच्या लादीला, रेती-सिमेंटचा कोरडा माल पसरून वर सिमेंटचे पाणी शिंपडून हातोडीच्या दांड्याने ठोकणे, ही जी पद्धत मोझेकच्या काळापासून चालत आली तीच आपण लावतो. भट्टीत लादी रुळांना चिकटू नये म्हणून तिच्या पाठीला जी पांढरी पूड लावलेली असते ती ओल्या कुंच्याने धुऊन काढण्याचीही तसदी अनेकदा घेतली जात नाही. मग सिमेंट त्या पुडीला चिकटते आणि पूड लादीला सोडते. याहून घातक प्रकार म्हणजे चार कोपऱ्यांना चार व मध्यभागी एक असे मालाचे गोळे ठेवून लादी दाबून बसवणे. वरून ती समतल दिसते, पाणसळ तिला मान्यता देते, परंतु गोळ्यांच्या मधली सर्व जागा पोकळ असते, आणि ओल्या न्हाणीघरात त्या पोकळीचे एक झाकलेले डबके होऊन बसते.

या विषयात आपल्याकडे शास्त्र नाही असेही नाही. भारतीय मानक ब्यूरोने लादी चिकटवण्याच्या मालासाठी आय. एस. 15477 हे मानक 2004 साली काढले आणि 2019 साली त्याची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यात कोणत्या लादीला व कोणत्या जागेला कोणत्या प्रकारचा माल वापरावा याचे वर्गीकरण आहे. असा माल महाडच्या बाजारपेठेत आज सहज मिळतो. तो दातेरी थापीने एकाच दिशेने ओढून पसरावा, लादी दाबून किंचित सरकवावी, आणि काम चालू असतानाच मधूनमधून एखादी लादी उचलून तिची पाठ सर्वत्र माखली आहे की नाही हे पाहावे, एवढीच त्याची कृती आहे. पाठ माखलेली नसेल तर ती लादी आज ना उद्या सुटणार, हे त्याच क्षणी समजते.

परंतु माल कितीही उत्तम वापरला तरी पाण्याचा प्रश्न वेगळाच राहतो. सिमेंटने भरलेला सांधा जलाभेद्य नसतो. त्यातून पाणी थोडेथोडे खाली जातच असते, आणि ते जाणार हे गृहीत धरूनच लादीखालचा थर रचला पाहिजे. आपण उतार देतो तो लादीला देतो. वस्तुतः तो लादीखालच्या जलरोधक थरालाच आधी दिला पाहिजे, शंभर फुटांस एक फूट यापेक्षा कमी नाही असा, आणि त्याचा रोख नहाणी ट्रॅपकडे असला पाहिजे. ट्रॅपच्या गळ्याभोवतीची जागा ही तर सर्वांत दुर्बल. तेथे नळ आणि काँक्रीट यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली तरी संपूर्ण खोलगट स्लॅब हळूहळू पाण्याने भरतो, आणि त्यात भर म्हणून घातलेला विटांचा चुरा व इमारतीचा राबिट स्पंजासारखा ते धरून ठेवतो. अशा कायम ओल्या बिछान्यावर कोणतीही लादी दीर्घकाळ टिकलेली माझ्या पाहण्यात नाही. यात आपला आणखी एक हात लागतो, आणि त्याविषयी फार थोडे लोक बोलतात. सणावाराला न्हाणीघर लख्ख दिसावे म्हणून जे अ‍ॅसिड ओतले जाते, ते लादीच्या चकाकीला काही करीत नाही. ते सांध्यातील सिमेंटमधला चुना विरघळवते, आणि सांधे दर खेपेस थोडेथोडे रिते करते. ज्या घरात सांधे खाली गेलेले व लाद्यांच्या कडा उघड्या पडलेल्या दिसतात, तेथे फडताळात अ‍ॅसिडची बाटली बहुधा सापडते. ती घराबाहेर काढणे ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय.

रेतीचा विषयही येथेच काढला पाहिजे. सावित्री महाडच्या आसपासपर्यंत भरतीचे पाणी घेते, आणि तिच्या खालच्या पात्रातील व बाणकोटच्या खाडीतील रेतीत क्षार असतात. ती गोड्या पाण्याने न धुता वापरली तर ते क्षार हवेतील ओल ओढतात, लादीखाली व सांध्यांतून पांढऱ्या लोण्याच्या रूपाने बाहेर येतात, आणि स्लॅबमधील लोखंडाला गंज चढवतात. रेती धुण्याची मजुरी वाचवण्याचा मोह अनेकांना होतो. ती बचत पुढे सळ्यांच्या किमतीने फेडावी लागते.

तळमजल्याच्या घरांची गोष्ट आणखी निराळी आहे, आणि या भागात ती अधिक महत्त्वाची आहे. 22 जुलै 2021 रोजी आलेल्या महापुराने महाड शहर आणि सावित्री-गांधारीच्या काठची गावे पाण्याखाली गेली, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून अनेक कुटुंबे नष्ट झाली, आणि ज्यांची घरे उभी राहिली त्यांच्याही जोत्यातील मुरूम-मातीचा भराव पुराच्या पाण्याने पूर्ण भिजला. पाणी ओसरताना भरावातील बारीक माती आपल्याबरोबर घेऊन जाते, उरलेला भराव बसतो, आणि काँक्रीटच्या पातळ थराखाली पोकळी राहते. त्या वर्षी गणेशचतुर्थी 10 सप्टेंबरला होती. पूर आणि चतुर्थी यांच्यामध्ये उणेपुरे पन्नास दिवस, तेही भर पावसाचे. कोकणातील मनुष्याला गणपतीपूर्वी घर नीट व्हावे असे वाटणार, आणि त्या वाटण्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ओल्याच भरावावर घाईने बसवलेल्या लाद्या पुढे सुटल्या असतील, तर त्याचा ठपका त्या लादीवर किंवा ती बसवणाऱ्यावर ठेवणे अन्यायाचे होईल. अशा जमिनीला उपाय एकच: ती उघडावी, भराव पुरता निथळू द्यावा, सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून धुमसाने ठोकावा, आणि मगच काँक्रीट घालावे. वर पोलादपूरकडील डोंगरउतारांवर हीच गोष्ट वेगळ्या रूपाने घडते. तेथे अर्धे जोते कापलेल्या भूमीवर व अर्धे भरावावर असते, आणि पाणी सहज निघून जावे म्हणून न्हाणीघर नेमके उताराच्या अंगाला, म्हणजे भरावावरच काढले जाते. त्या रेषेवर जमिनीला तडा दिसला तर लाद्यांची चर्चा बाजूला ठेवून आधी बांध आणि भराव तपासावा.

आता पांढऱ्या सिमेंटच्या आणि तत्सम वरवरच्या उपायांविषयी. पांढरे सिमेंट हे सिमेंटच असते. त्याचा रंग वेगळा, ताकद काही वेगळी नव्हे, आणि हलत्या लादीच्या कडेला ते महिन्याभरात तडकते. लादीला छिद्र पाडून आत सिमेंटचा अगर रसायनाचा घोळ ओतणे हा उपाय कोरड्या दिवाणखान्यात, जेथे खालचा थर शाबूत असून एखाद-दुसरीच लादी पोकळ आहे तेथे, उपयोगी पडू शकतो हे मी नाकारीत नाही. परंतु न्हाणीघरातील पोकळीत साबणाचा बुळबुळीत लेप आधीच साचलेला असतो. त्यावर घोळ चिकटत नाही, उलट आतले पाणी कोंडून ठेवतो. राहिला जुन्या लादीवर नवी लादी बसवण्याचा प्रघात. त्याची जाहिरात हल्ली फार होते, आणि तोडफोड वाचते म्हणून लोक त्याला भुलतात. खालची लादी सर्वत्र टणक वाजत असेल, तळ कोरडा असेल, आणि केवळ रंग अगर नक्षी बदलावयाची असेल, तेथे तो क्षम्य मानता येईल. सुटलेल्या लादीवर नवी लादी बसवणे म्हणजे रोगाला पांघरूण घालणे होय. त्याशिवाय न्हाणीघराची जमीन वर चढते, बाहेरच्या खोलीपेक्षा ती खाली असावी हा नियम मोडतो, आणि पाणी उंबरठा ओलांडून घरात येऊ लागते.

खरी दुरुस्ती कंटाळवाणी आहे, पण अवघड नाही. न्हाणीघर काही दिवस वापरातून काढावे. हातोडीच्या लाकडी दांड्याने प्रत्येक लादी वाजवून पाहावी. टणक वाजते ती आणि बद्द वाजते ती यांतील फरक लहान मुलालाही कळतो. बद्द वाजणाऱ्यांवर खडूने खुणा कराव्यात, आणि त्या खुणा ट्रॅपच्या अगर नळाच्या दिशेने जमा होतात का ते पाहावे, कारण गळतीचा पत्ता बहुतेक वेळा त्या खुणाच सांगतात. सांधे ग्राइंडरने कापून लाद्या काढल्यावर खालचा माल ओला आहे की कोरडा, हे पाहिल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये. ओला असेल तर पाणी कोठून आले हे सापडेपर्यंत नवी लादी आणू नये. जलरोधक थर नव्याने घालून तो भिंतीवर निदान एक फूट चढवावा, आणि मग ट्रॅपचे तोंड बंद करून 48 तास पाणी साठवून ठेवावे. पाण्याची पातळी उतरली किंवा खालच्या छताला ओल आली, तर काम झाले नाही असे समजावे. बहुतेक लोक नेमकी हीच परीक्षा टाळतात, दोन दिवसांची मजुरी वाचते एवढ्यासाठी.

गवंड्याविषयी चार शब्द लिहिल्याशिवाय हा प्रतिवाद पुरा होणार नाही. कारागीर कोकणातला असो, राजस्थानातला असो अगर उत्तर प्रदेशातला असो, त्याला मोबदला मिळतो तो चौरस फुटावर. मक्तेदार त्याला फूट मोजून पैसे देतो, आणि घरमालक मक्तेदाराला फूट मोजून देतो. या हिशेबात लादीची वरची बाजू तेवढी मोजली जाते. पाठीला किती माल लागला, पूड धुतली की नाही, थराला उतार दिला की नाही, यांपैकी कशालाही दर नाही. ज्या कामाला दर नाही ते काम करणारा मनुष्य दिवसाला कमी फूट बसवतो आणि कमी मजुरी घेऊन घरी जातो. अशी व्यवस्था आपण स्वतः निर्माण करावी आणि मग कारागिराला बेइमान म्हणावे, हे मला मुळीच मान्य नाही. सरकारी बांधकाम खात्यात जे काम पुढे झाकले जाणार असते त्याचे मोजमाप ते झाकण्यापूर्वीच वहीत नोंदवण्याचा दंडक आहे. हा दंडक प्रत्येक घरमालकाने आपल्या करारात उतरवावा: जलरोधक थराला स्वतंत्र दर, पाणी साठवण्याच्या परीक्षेला स्वतंत्र मजुरी, आणि थर त्या परीक्षेला उतरल्यावरच लादीचे काम सुरू. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून 16 जणांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेचा न्हाणीघरांशी संबंध होता असे मी सुचवीत नाही. परंतु ज्या शहराने तो दिवस पाहिला, त्या शहरात तरी झाकलेल्या कामाची विचारपूस करणाऱ्याला कोणी संशयी म्हणू नये, एवढे मला वाटते.

ज्यांनी सदनिका विकत घेतली आहे त्यांना कायद्याचाही आधार आहे आणि तो फारच थोडे लोक वापरतात. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 याच्या कलम 14, पोटकलम (3) अन्वये, ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातील, कारागिरीतील अगर गुणवत्तेतील दोष निदर्शनास आणून दिल्यास, विकासकाने तो 30 दिवसांच्या आत स्वखर्चाने दुरुस्त करून देणे बंधनकारक आहे. तेव्हा तुमच्या इमारतीला ही मुदत पुरी व्हावयाची असेल, तर सांधे लिंपण्यापूर्वी बद्द वाजणाऱ्या लाद्यांची छायाचित्रे काढून ठेवा, लेखी अर्ज करा, आणि त्याची तारखेसह पोच घेतल्याखेरीज परतू नका.